सजावट

पतसंस्थेनं भंगारात काढलेला कॉम्प्युटर
इलाहीनं सायकलच्या कॅरियरला बांधून लेंगऱ्याहून विट्याला आणला.
दोन जीबी मेमरी, पंख्याला पिठाच्या चक्कीची घरघर,
आणि डब्यावर अजून चिकटलेला कागद :
कर्ज विभाग. हात लावू नये.

आम्ही हात लावला.

खेळ दांडगा होता. चार राज्यं, तीन नद्या,
वेढे, रसद, तह, फितुरी.
पण पहिल्याच लढाईत घोडदळ
पाय हवेत धरून उभं राहिलं.
इलाही म्हणाला, "च्या टाकून येतो,
तवर टाप टेकंल खाली."
टेकली नाही.

मग मी फायली उघडल्या.

बापू सेलमला, गलाईच्या दुकानात, सव्वीस वर्षं.
सोनं कसं शुद्ध करायचं ते फोनवरच शिकवलं त्यानं :
जे सोनं नाही ते जाऊ द्यायचं.
तेजाबातनं तांबडा धूर निघतोय
तोवर समजायचं, आत अजून भेसळ आहे.
घाई करायची नाही. आणि वाकून बघायचं नाही.

मी आधी सावल्या काढल्या.
नवावरून तेरा फ्रेम.
मग नदीतली प्रतिबिंबं. सोळा.
गवताचं पातं न् पातं हलायचं,
त्याचा केला एकच सपाट हिरवा,
आमच्या माळावर श्रावणात दोन आठवडे असतो तेवढा.
वेशीवरच्या चिंचेला अकराशे कोन होते,
ते आणले चाळिसावर.
लांबून बघितलं तर चिंच चिंचच राहिली.
शत्रू क्षणाक्षणाला विचार करायचा,
त्याला सांगितलं, सेकंदातनं दोनदाच कर.
तेवढ्यानं त्याची अक्कल काही कमी झाली नाही.
एकवीस.

तरी पेठेत शिरलं की खेळ अडकायचा.
तिथं एक फाईल सापडली. नाव : सजावट.
आत माणसं होती.
न लढणारी, कर न भरणारी, कुठल्याच मोजणीत नसलेली.
एक कुंभार. डोक्यावर हंडा घेतलेली बाई.
ओट्यावर बसून तंगड्या हलवणारा पोरगा.
एक शेळी, जी पाच पावलं जाते,
मान वळवते,
पाच पावलं परत येते.

एकशे बारा ओळी. सगळ्या निवडल्या आणि पुसल्या.

तीस.
पंख्याचाही आवाज उतरला.
इलाहीनं उजाडेपर्यंत तीन किल्ले घेतले,
"पळतंय रं," म्हणत होता, "लोण्यागत पळतंय."

तो झोपल्यावर मी पेठेतनं एक चक्कर मारली.
दुकानं उघडी, तराजू टांगलेले, पणत्या लावलेल्या.
कुणी नाही.
ही पेठ मला पाठ होती.
आमच्या गल्लीत अकरा घरं, सात कुलपं,
गंजू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेली.
घरं झकास. ग्रॅनाइटच्या पायऱ्या, गच्चीवर सिमेंटचा गरुड.
जत्रेला उघडतात, चार दिवस.
कुणीतरी कधीतरी बसून हिशेब केला असणार,
एवढी माणसं काढली की
बाकीचं नीट चालतं.

सकाळी बापूचा फोन.
"झोपला नाहीस व्हय?"
"काम होतं जरा."
"तिकडं कसंय?"
"इथं कसलं काय. आज दुकान बंद,
खोलीवर मी एकटाच."
मग बराच वेळ दोघंही
फोन कानाला लावून बसलो.

दुपारी शेळी परत ठेवली.

दोन फ्रेम गेल्या. अठ्ठावीस.
इलाहीला लगेच कळलं, "कुठंतरी अडतंय रं."
म्हणालो, "झोप कमी झालीय तुझी."
शेळी पाच पावलं गेली, तिनं मान वळवली.
वेशीतनं घोडदळ आलं,
आणि बघ, तिला वळसा घालून गेलं.

हंड्याच्या बाईला चार फ्रेम लागतात.
बघू.
इलाहीचा मेहुणा कराडहून
मेमरीची एक पट्टी आणतो म्हणालाय.