स्टेशन चार

पहाटे चारला वॉल्विस बेचं बंदर
धुक्याच्या कांबळ्यात गुरफटलेलं.
क्रेनचे दिवे पिवळे, पाणी प्यायलेले;
धक्क्याखाली सील भुंकतायत
कुणाकडे तरी उधारी थकल्यासारखे.
मला मिळालेल्या जॅकेटवर
गेल्या वर्षीच्या मुलाचं नाव आहे: पेट्रुस.
दिवसभर सगळे मला पेट्रुसच म्हणणार.

पहिल्या तासातच कळलं,
समुद्रशास्त्र हे आधी पोटाचं शास्त्र.
सकाळची लापशी मी
वारा पाठीशी घेऊन, शिकवल्याप्रमाणे,
अटलांटिकला परत केली.
हिस्किया बोसन म्हणाला,
"लिहून ठेव, पेट्रुस. वेळ, अक्षांश, खोली."
मी खरंच लिहिलं.

स्टेशन एक. स्टेशन दोन.
बाटल्यांचं कडं पाण्यात उतरतं,
केबल कुरकुरते,
आणि पडद्यावर ऑक्सिजनची रेघ
जरा सरळ, जरा तिरकी, मग
ऐंशी मीटरवर शून्याला टेकून
तशीच पडून राहते, अंथरुण धरल्यासारखी.
तीनला बोटं बधिर. लेबलं चुकीच्या बाटल्यांना.
ती पुन्हा लावली.

चारला विंचने तळ वर आणला.
चार पारदर्शक नळ्या,
आत हिरवट काळा गाळ, दह्यासारखा थलथलीत,
आणि वास!
सगळ्या गावाची अंडी एकदम सडावीत तसा.
केप टाऊनहून आलेला मुलगा
नाक धरून कठड्याकडे पळाला.
मी नाही पळाले.
वासाच्या घरातच वाढलेली मी.
आई हेकच्या कारखान्यात, सोळा वर्षं, काटे काढते.
शाळेच्या फाटकाशी ती आली की
मी म्हणायचे, तू त्या खांबापाशी थांब.

कावेझेरी मॅडमनी चिमट्याने गाळ बाजूला सारला.
आत पांढरे ठिपके, ओळीत,
सर तुटावी आणि मणी तिथेच राहावेत तसे.
"एकेक मणी म्हणजे एकच पेशी.
जगायला लागतं ते पोटात साठवून बसते.
महिनोन्महिने काही येत नाही.
मग एखादं वादळ तळ ढवळतं, तेव्हा पुन्हा भरून घेते."
मी भिंग मागितलं नाही. लागलंच नाही.
किती वेळ वाकून होते कोण जाणे,
जहाज डोलत होतं आणि पोट गप्प होतं.

रात्री कुईसेबमोंडला घरी.
दार उघडून आईने एकदाच हुंगलं.
"बूट बाहेर."
मग हसली, तव्यावरचा मासा उलटत.
"काय मिळालं?"
मणी.
"विकतात?"
नाही.
"मग काय करतात?"
तिथेच बसून वाट बघतात, वर्षभरसुद्धा.

तिने गॅस बारीक केला,
दुखरा गुडघा स्टुलावर ठेवला.
"हे शिकायला, न्दिनेलागो,
समुद्रात जावं लागतं होय?"