साखर न घालता

केर्त्तू, तू पहिल्यांदा आलीस तेव्हा
बुटांवरचा बर्फ दारातच झटकलास,
टेबलावर कागद पसरलास
आणि मधोमध रेघ ओढलीस.
डावीकडे साखर, मध, सरबत, पांढरा पाव :
हे गिळलं की थेट रक्तात धावतात, म्हणालीस.
उजवीकडे राय, ओट, वाळलेले वाटाणे :
यांच्या साखळ्या लांब,
सुटता सुटता दुपार होते.

तौनो ऐकत होता,
म्हणजे खिडकीबाहेर बघत होता.
एकावन्न वर्षांत मला एवढं कळलंय,
त्याचं ऐकणं असंच असतं.

मी विचारलं, आणि आमचा नाताळचा बटाटा?
तो कुठल्या बाजूला?
तू हसलीस.
पेन रेघेवरच टेकवून धरलंस.

तू उत्तरेकडची, तुला ठाऊक नसेल.
आमच्या हामे प्रांतात त्यात
चिमूटभरही साखर पडत नाही.
पिठूळ बटाटे उकडायचे, घोटायचे,
निवू द्यायचे,
बोट ठेवून तीन मोजेपर्यंत सोसवेल इतपत.
मग मूठभर गव्हाचं पीठ.
झाकण, घोंगडी, भट्टीच्या कडेची ऊब.
रात्रभर ते पीठ
एकेक दुवा सोडवत बसतं,
जुन्या मोज्याची लोकर उसवावी तसं.
सकाळी लगदा सैल पडलेला असतो
आणि गोड.
वरून कुणी काही घातलेलं नसतं.
आतच होतं.

म्हणून यंदा मी लबाडी केली.
बटाटे उतरवले, वाफा निघत होत्या,
तेव्हाच पीठ टाकलं.
आई म्हणायची, घाई केलीस तर पीठ मरतं.
मी मुद्दाम मारलं.
दूध, लोणी, मीठ, जायफळ, सगळं नेहमीचं.
चार तास मंद भट्टीत.
वर तपकिरी साय धरली,
दिसायला अगदी तेच.

तौनोने पहिला घास घेतला.
दुसरा घेतला.
चमचा ताटलीच्या कडेला
आवाज न करता ठेवला
आणि विचारलं,
"कोण गेलं?"

कुणी नाही, म्हटलं. जेव.

सणाच्या दिवशीच तुला फोन केला, माफ कर.
फुशारकीने सगळं सांगितलं.
तू क्षणभर गप्प. मग म्हणालीस,
"हिल्प्पा, बटाटा तो बटाटाच.
तू नाही सोडवलास तर त्याचं पोट सोडवेल,
तेही भराभर.
दोन चमचे वाढ.
शेजारी रायचा जाड पाव, कोबी, मासा.
आणि जेवला की बर्फ उपसायला धाड."

म्हणजे मी सबंध नाताळ
फुकटच अळणी केला.

जानेवारीच्या पाचव्या दिवशी
तौनो तळघरात उतरला.
बादली घेऊन वर आला, काही बोलला नाही.
सोलायला बसला.
त्याची सालं एवढी जाड
की निम्मा बटाटा डुकरांना गेला असता,
डुकरं असती तर.
घोटलं. थांबला. बोट ठेवलं,
ओठ हलले : एक, दोन, तीन.
त्या बोटाच्या टोकावर तुझ्या सुईचे
तीळभर काळे ठिपके.
पीठ मिसळलं, आणि घोंगडी सापडेना म्हणून
अंगातली लोकरी बंडी काढून
पातेल्याला गुंडाळली.
बाह्या पुढून बांधल्या, नीट, दोन गाठी,
एखाद्याला थंडीत बाहेर पाठवावं तशा.

रात्री दीडला जाग आली,
शेजारचं अंथरूण गार.
स्वयंपाकघरात दिवा नव्हता,
बाहेरच्या बर्फाचा उजेड तेवढा.
तो पातेल्याशी बसला होता,
झाकण मांडीवर, बोट तोंडात.

झालं का, मी दारातूनच विचारलं.

बराच वेळ काही नाही.
मग, "अजून नाही,"
आणि बाजूची खुर्ची
त्याने पायाने
माझ्याकडे सरकवली.