पाण्याची खूण

आण्णांनी मला बाराखडीच्या आधी
चिमटा धरायला शिकवलं.
बोटाला तेल असतं, म्हणायचे,
आणि आपल्या घरात तर हळदही.
मार्केट यार्डात अडतीवर दिवाणजी होते ते.
इरोड, निजामाबाद, दुग्गीराला :
पत्रं मालकाची, तिकिटांचे कोपरे आण्णांचे.
संध्याकाळी कोटाच्या खिशातून निघायचे
आणि परातीतल्या पाण्यावर तरंगत राहायचे.

याला सोकिंग म्हणायचं.
घाई नाही. कागद आपण होऊन सोडतो.
ओढलंस तर मागची साल निघते, तिला थिन म्हणतात,
उजेडात धरलं की दिसते,
वरून तिकीट कितीही देखणं असो.

परातीच्या काठाशी बसून असे शब्द मिळाले.
मिंट म्हणजे ज्याला कुणाची जीभ लागली नाही.
हिंज म्हणजे कागदाची एवढीशी बिजागरी;
तिचा डागही किंमत पाडतो,
म्हणजे ज्यानं सांभाळलं त्याचाच डाग.
टेट-बेश : एकाचं डोकं वर, एकाचं खाली,
छापतानाच तशी जोडी.
फाडली की दोन साधी तिकिटं.
आई ओट्यापासून म्हणायची, आमचंच की हे.
आणि सीटीओ, छापखान्यातच शिक्का बसलेलं,
कधी कुठे न गेलेलं.
ती आण्णा अल्बमच्या शेवटी लावत, जरा ओशाळून.
स्वतः मिरजेच्या पलीकडे क्वचितच गेले होते.

एका पानावर मात्र अख्खं पाकीट होतं. एन्टायर.
अक्षर आण्णांचं.
पत्ता चंपाआत्याचा, गावभागातलाच,
तीन गल्ल्या पलीकडचा.
त्यावर जांभळ्या पेन्सिलीत तिरकं : घेण्यास नकार. परत.
खाली आण्णांची नोंद :
दोन शिक्के, एकच पोस्ट. न उघडलेलं.
आत काय आहे विचारलं तर म्हणाले,
आपण पाकिटं जमवतो. पत्रं नाही.

मग तो ऑगस्ट.
आयर्विनचा आकडा फुटाफुटानं चढला
आणि आम्ही बोटीत बसलो.
विश्रामबागेत पोचल्यावर कळलं,
आण्णांनी घरातून फक्त चिमटा आणलाय.

नऊ दिवसांनी दार ढकललं.
अल्बम पावासारखे फुगलेले.
मिंट सगळी एकमेकांना चिकटलेली,
हिंज सगळे सुटलेले.
कृष्णेनं सोकिंग केलं होतं,
तिच्या पद्धतीनं, जराही घाई न करता.

गच्चीत पापडाच्या कागदावर तिकिटं वाळत घातली.
शेजारच्या कोथळेकाकू वरून विचारतात, कुरडया का गं?
यार्डातली हळद पाण्यातून आली असणार,
विमानं पिवळी, मोर पिवळे, आगगाडीही.
चेंजलिंग, आण्णा म्हणाले. रंग फिरलेली.
कॅटलॉगात यांना किंमत नाही.

आणि पाकिटाचा डिंक गेला होता.
घडी अर्धी बाहेर.
मी चिमट्यानं ओढली,
म्हणजे तिनंच सोडली.
शाई नव्हती. जिथे मायना असेल तिथे निळा ढग,
खाली सहीच्या जागी त्याहून लहान एक.
उजेडात धरली तर कागदाच्या पोटात
गिरणीचं चिन्ह दिसलं, मुकुट की कमळ कळेना,
आणि कागदाच्या आरपार भिंत,
भिंतीवर पुराची रेघ, माझ्या खांद्याच्या वर.

काय लिहिलं होतं, आण्णा?
आत्या जाऊनही सतरा वर्षं झाली.
ते बराच वेळ त्या घडीकडे बघत राहिले.
मग म्हणाले,
पोस्टमन सांगत होता, तिनं हातात घेतलं होतं.
उलटंसुलटं केलं. वजन बघितलं.
मग दिलं परत.

वाळल्यावर नवं पान काढलं, नवे कोपरे.
जुनी नोंद जशीच्या तशी उतरवली,
दोन शिक्के, एकच पोस्ट,
शेवटच्या दोन शब्दांसकट.
पेन्सिल ठेवली. परत उचलली.
रबरानं फक्त 'न' खोडला
आणि कणांवर फुंकर मारली.