कुठला डोळा ठेवायचा

गंगापूर रोडला, कॉलेजच्या तळमजल्यावर
एसी लावलेल्या अंधाऱ्या खोलीत
दुपारपासून मी एका पेशीकडे बघत बसलेय.

पेशी चालते. चालते म्हणजे
भाकरी थापताना कड सरकावी
तशी तिची पुढची कड पातळ होत सरकते
आणि मागचं अंग ओढलं जातं.
त्या कडेत अ‍ॅक्टिनचे धागे,
धाग्याला सत्तर अंशांत फांदी,
फांदीला पुन्हा फांदी.

फांदी फोडायला सात प्रथिनांची टोळी लागते.
त्यातली दोन एकमेकांजवळ सरकली, तरच फुटते.
आमचा रेणू त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसतो.
चिमूटभर पांढरी पूड,
कुपीवर गायधनी मॅडमच्या अक्षरात तारीख.
"मोडत काही नाही गं," मॅडम म्हणतात,
"दाराला पाचर मारल्यासारखं."

टोळी मला माहीत आहे.
सुरगाण्याहून दिंडोरीच्या बागांवर
टेम्पोतून यायची आमची,
ताडपत्री, तवा, एक कोंबडी आणि मी.
बाबा काडीवरचे डोळे अंगठ्याने मोजायचे,
मग कात्री.
"सगळीकडं फुटत राहिला
तं वेल नुसता पानांचा होतो."

चार दहा. थेंब सोडला.
शेजारच्या खणात रेणूचा जुळा,
दिसायला तसाच, कामाला शून्य.
तिसऱ्यात नुसतं द्रावक.

चार पंचवीसला कड आत गेली.
काटे तेवढे राहिले, बाभळीचे असतात तसे,
त्यांनी पेशी चाचपडत राहिली
जागच्या जागी.

कर्करोगाची पेशी. हिच्या जातीच्या
स्तनातून निघून हाडात पोचतात, याच चालीने.
मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.
पण जखमेकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशीही
याच चालीने धावतात,
आणि रेणू कुणाला विचारत नाही
कुठे निघालीस म्हणून.
त्यामुळे हे औषध नाही.
अजून.

पाच वाजता कोमट माध्यमाने तीनदा धुतलं.
बराच वेळ काही नाही. मी बिस्किटं खाल्ली.
मग डाव्या अंगाला
एवढीशी कड
पुन्हा सरकायला लागली.
वहीत लिहिलं: परिणाम उलटतो.

रात्री बाबांचा फोन.
आज काय केलंस?
छाटणी, म्हटलं.
ते हसले नाहीत. कामाचं विचारावं तसं विचारलं,
"कुठला डोळा ठेवला?"

मागे कुणीतरी पंप बंद केला.
मी म्हटलं, बाबा,
त्याला डोळे मोजता येत नाहीत.
"मग शिकव," म्हणाले,
आणि आईकडे फोन दिला.