दोनाला तीन

माझ्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलंय : वेल्डा, एली.
आमच्याकडे डीलरचं गाव नावाखाली लावतात,
म्हणजे हरणाऱ्याला विचारायला काहीतरी राहतं.

एचार्टला विचारावं लागत नाही.
एली त्याला ठाऊक आहे, तो तांब्याचा खड्डा,
वरच्या डोंगरांत त्याच्या बापानं मेंढ्या चारल्या
बास्क भाषेत शिव्या घालत.
रात्री नऊला येतो, कोट हातावर घेऊन मागे उभा राहतो
आणि टेबलावरचं कापड वाचतो,
लोक थडग्यावरचा दगड वाचतात तसं. आधी आकडे.

मग वही. एकदा विसरून गेला तेव्हा मी उघडली होती.

*कॉपर लँटर्न, तिसरं टेबल. सहा जोड.
एक्का धरून सतरा झाले की डीलर थांबतो.
जोडी फोडल्यावरही दुप्पट लावता येते. दोनाला तीन.
घराचा टक्का अर्ध्याच्या आत.*

*रिव्हर क्वीन. एकच जोड. भुलू नये.
दुप्पट फक्त दहा-अकरावर.*

*स्पार्क्स, पेट्रोल पंपाला लागून.
पाचाला सहा.*
आणि खाली दोन रेघा, पेन कागदातून आरपार :
*आतबट्ट्याचा व्यवहार.*

अकरा वर्षांत माझ्याकडे एक हात खेळला नाही.
मॅनेजरला वाटलं हा पत्ते मोजणारा.
वरच्या कॅमेऱ्यांनी महिनाभर पाहिलं.
मोजत होता तो. पण पत्ते नाही, आम्हाला.

मार्चमध्ये, मंगळवारी पहाटे चारला,
दोन माणसं आली, पिना उपटल्या,
जुनं कापड सतरंजीसारखं गुंडाळून नेलं.
नव्याला गोंदाचा वास होता.
पांढऱ्या कमानीत अक्षरं : पाचाला सहा.
खाली बारीक : एक्का धरून सतरावर डीलर आणखी एक घेईल.

कुणाच्या लक्षात आलं नाही.
सॅक्रामेंटोची एक नवी नवरी, दहा लावले,
एक्का आणि राणी, पहिल्याच डावात.
माझी बोटं पंधराकडे गेली, एकोणीस वर्षांची सवय,
मी ती बारावर आणली.
ती आनंदानं किंचाळली. तीन डॉलर ट्रेमध्ये
जिथल्या तिथे बसून राहिले.

गुरुवारी एचार्ट आला. वाचलं.
वही काढली नाही.
कोट खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि बसला,
शंभराची नोट सपाट करून ठेवली.

ओठ न हलवता मी म्हटलं, वाचलंस ना?

‘वाचलं. तासाला साठ हात. हाताला दहा डॉलर.
घराचा टक्का आता दोन.
म्हणजे तुझा तास मला बारा डॉलरला पडतो.
माझा न्हावी वीस घेतो,
आणि त्याला एली कुठे आहे तेही माहीत नाही.’

मी पत्ते वाटले.
खाणीचा भोंगा अजून वाजतो का, त्यानं विचारलं.
बंद झाला, म्हटलं, मी दहावीत असताना.
माझ्या सहावर त्याचे बारा होते, तो थांबला.
बापाकडे एक खेचर होतं, त्याला फक्त उतारावर लाथ मारता यायची.
मी हसले, तेव्हा एकवीसच्या पुढे गेले.

मग त्याला मिळालं : एक्का आणि राजा.
मी बारा मोजले, सरकवले.
त्यानं चिपांकडे पाहिलं नाही,
माझ्या बोटांकडे पाहिलं,
जणू तीच कुठून तरी पडून आली होती.

तासाभरानं उठला. चाळीस वर होता
आणि जरा वैतागलेला.
‘यानं काही सिद्ध होत नाही,’ म्हणाला,
कोटाची बाही उलटी झाली होती, ती नीट करत बसला.

माझी सुट्टी झाली.
टाळी वाजवली, तळवे वर, तळवे खाली,
कॅमेऱ्याला दाखवले : काही नाही.
टेबल सोडताना दाखवावेच लागतात.