वापरात आहे

तुर्भे, मसाला मार्केट, जी विंग, गाळा बेचाळीस.
तक्रार: प्रिंटर निघत नाही.

तसा तो कधीच निघून गेलाय.
दोन वर्षांपूर्वी भंगारवाल्याने नेला साडेतीनशेला.
रोलरमध्ये हळद बसलेली,
प्रत्येक कागदाला पिवळी कड द्यायचा म्हणे.
नाव तेवढं राहिलंय, सगळ्या कॉम्प्युटरांवर.

मी म्हणते, काढून टाक.
मशीन म्हणतं, वापरात आहे.
स्पूलर थांबवते, फोल्डर रिकामं करते,
ड्रायव्हर मुळापासून खणते,
बंद, चालू, मधे दोन शिंका.
हा पुन्हा यादीत, सगळ्यांत वर,
हिरवी टिकली लावून.

शेठ म्हणतात, मॅडम, नसलेला प्रिंटर निघेना तुमच्याने?
कोणीतरी वापरतंय, शेठ.
नसलेला?

सर्व्हर पोटमाळ्यावर, लवंगांच्या पोत्यांआड.
गुडघ्यांवर बसून तिथली रांग उघडली.
सहाशे अकरा कागद ताटकळलेले.
दिवसाला एक, रविवार सोडून,
संध्याकाळी सातच्या आगेमागे.
पाठवणार: नाखवा.
मधे एकदा सलग तेरा तारखा नाहीत.
त्याबद्दल मी विचारलं नाही.

नाखवाकाका रोखपाल. आधी चष्मा पुसला, मग बोलले,
“शिल्लक जुळली की प्रिंट मारायची.
मला शिकवलं तेच मी करतो, पोरी.”
आणि कागद?
“आधी यायचा. मग येईनासा झाला.
म्हटलं, वरच्या वर घेत असेल कोणी.”

खरं सांगायचं ओठांवर आलं होतं.
खाली हमाल ओरडत होता, बाजू, बाजू.
मी पोर्ट बदलला. जुन्या नावाला नव्या मशीनचा पत्ता दिला, बस्स.

मिनिटभर काही नाही.
मग नवं मशीन घसा खाकरून सुरू झालं:
वैशाखातला एक मंगळवार, तेवीस हजार चारशे दहा रुपये,
त्याच्यावर बुधवार, बुधवारावर गुरुवार,
ट्रे दोनदा भरला, शेठ कागदाच्या भावावरून तापले,
काका खाली बसून एकेक दिवस
पंचाच्या जबड्यात देत राहिले.
कड पांढरीच निघतेय, हे त्यांना खटकलं असावं.
बोट फिरवून बघत होते.

रांग संपली. मी म्हटलं, काढून टाक.
गेला. एका टिचकीत, कुरकुर न करता.

फॉर्मवर शेठची सही घेतली, पाना-पक्कड आवरली.
साताला पाच कमी.
मागून काका म्हणाले,
“आता कुठल्यावर मारू?”