गेला

हे नाव आहे.
जॉर्जियात, कुताइसी नावाच्या शहरात, मुलाचं असं नाव ठेवतात
आणि कुणी दचकत नाही.
आजोबांचं होतं, म्हणून नातवाला.
मराठीत सांगायला बसलं की मात्र
पहिल्याच ओळीला ठेच लागते:
गेला उठतो. गेला चहा ठेवतो.
गेला सात आठवडे वर्गात गेला नाही.

निघतो रोज, वेळेवर.
पाठीवर सॅक, सॅकमध्ये तुळया-खांबांचं जाड पुस्तक.
विद्यापीठाच्या फाटकाशी पाय आपोआप डावीकडे वळतात,
मग बाजार, चीजवाल्या बायका, लोणच्याच्या बरण्या,
मग पूल.
खाली रिओनी नदी पांढऱ्या दगडांवरून
उगाच घाईत.
तो कठड्याला टेकून उभा राहतो.
उडीबिडी नाही, तसलं काही मनात नाही.
एवढंच, की त्या वर्गात कुणीतरी फळ्यावर तुळई काढतं,
तिच्यावर बाण काढतं, म्हणजे भार,
बाकीच्यांना तो भार दिसतो.
याच्या वहीत नुसती आडवी रेघ उरते.

आई इटलीत, बारीला.
एका नव्वदीच्या बाईंचं सगळं करते,
अंघोळ, गोळ्या, रात्रीचं तीनदा उठणं.
त्यातून याची फी.
रविवारी फोन.
जेवलास? जेवलो.
अभ्यास? चाललाय.
एकदा बोलता बोलता मागून म्हातारीची हाक आली,
आई तिला तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली,
इतक्या मऊ आवाजात
की गेलाला त्या म्हातारीचा हेवा वाटला
आणि मग दिवसभर
स्वतःची किळस.

मंगळवारी तो तिसऱ्या खिडकीवर जातो.
नोंदणी स्थगित करण्याचा अर्ज.
त्सिआलाबाई मान वर न करता कागद सरकवतात.
'कारण' असा रकाना, दोन ओळींची जागा.
तो लिहितो, घरगुती. खोडतो.
आर्थिक. पण फी तर भरलेली आहे. खोडतो.
प्रकृती. खोडतो.
कळत नाही, असं लिहितो.
या सेमिस्टरमधलं त्याचं
पहिलं बरोबर उत्तर.

हे नाही चालायचं, बाई म्हणतात,
दुसरा कोरा अर्ज देतात,
आणि डब्यातल्या लोबियानीचा, राजमा भरलेल्या भाकरीचा,
एक तुकडा
त्या खोडलेल्या कागदावर ठेवून पुढे करतात.
"माझ्या मुलानंही भरला होता हाच.
त्बिलिसीत फरश्या बसवतो आता.
चांगल्या बसवतो."
तो पुढच्या वाक्याची वाट बघतो.
पुढचं वाक्य येत नाही.
मागचा माणूस खाकरतो.

खाऊन झाल्यावर बोटं पुसायला काही नसतं.
फोन तीन टक्क्यांवर.
शेवटच्या बाकाजवळ प्लग आहे हे आठवतं,
आणि दुसरं काहीही नाही,
फक्त प्लग,
म्हणून तो दोन जिने चढून
मागच्या दाराने आत शिरतो.

सर हजेरी घेत असतात.
सात आठवडे ते हे नाव उच्चारत आलेत,
क्षणभर थांबत आलेत,
कुणी त्यांना सांगितलं नव्हतं थांबायला.

"गेला?"

हा वाकून वायर खोचत असतो.

"आहे."

दोनचार माना वळतात.
सरांनी सवयीनं आडवी रेघ आधीच ओढलेली.
ते पेन पुन्हा उचलतात,
रेघेकडे बघतात,
तिच्यावर वरून खाली एक बाण काढतात
आणि पुढचं नाव घेतात.

अर्ज सॅकमध्ये आहे. चार घड्या, एक तेलकट बोट.
तो फाडलेला नाही.
फोन चार टक्के.